विहिरीत हिरे निघाले का हो?

प्रश्न : आमच्या काकांच्या विहिरीचं काम चालू आहे सिन्नरजवळ. परवा सुरुंग लावल्यावर काळ्या दगडात नारळाएवढी पोकळी निघाली आणि आतून सगळीकडे पांढरे-गुलाबीसर चकचकीत तुकडे चिकटलेले. काकू म्हणते हिरे आहेत, कोणाला सांगू नका! माझा प्रश्न असा की जमिनीच्या आत याला इतके सपाट पैलू पाडले कोणी?

उत्तर : काकूंना आधी सांगा की हिरे नाहीत, म्हणजे निदान रात्रीची झोप तरी लागेल. तुमच्या वर्णनावरून मला तरी ते स्टिल्बाइट नावाचं खनिज वाटतंय, झिओलाइट घराण्यातलं. नीट बघा, गुलाबीसर तुकडे मधोमध बांधलेल्या पेंढीसारखे दिसतायत का, म्हणजे कमरेत बारीक आणि दोन्ही टोकांना पसरलेले? तसे असतील तर जवळपास नक्कीच. अजून एक, फुटक्या काचेवर घासून बघा. स्टिल्बाइट काचेपेक्षा मऊ, त्याचा ओरखडा उठत नाही, पण गारगोटी असेल तर काचेवर रेघ उमटणारच.

आता पैलूंचं. पाडले कोणीच नाहीत, ते तसेच वाढले. ठिपक्यांची रांगोळी काढताना कसं सारख्या अंतरावर ठिपके देत जातो, तसे स्फटिकात अणू एका ठरलेल्या मांडणीत बसतात, फक्त इथे रांगोळी लांबी-रुंदी-उंची तिन्हीकडे पसरत जाते. मिठाचा एक मिलिमीटरचा दाणा घ्या, त्याच्या नुसत्या एका कडेवर तीच मांडणी साधारण 17-18 लाख वेळा आलेली असते, आणि ती चौकोनी म्हणून दाणाही चौकोनी. काचेत अणूंची अशी शिस्त नसते, म्हणून दुकानात ‘क्रिस्टल’ म्हणून मिळणारे काचेचे ग्लास कितीही चमकले तरी स्फटिक नव्हेत.

पण शिस्त असून भागत नाही, वाढायला जागा आणि वेळ लागतो. तुमच्या विहिरीचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यातही स्फटिक आहेत बरं का, पण लाव्हा पटकन थिजला त्यामुळे इतके बारीक राहिले की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. थिजताना लाव्हातले वायूचे बुडबुडे आतच अडकले, डोशाला जाळी पडते ना तसं, आणि तीच तुमची पोकळी. मग खडकाच्या भेगांतून गरम पाणी झिरपायला लागलं, जाता जाता त्यानं खडकातलंच सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम विरघळवून घेतलं आणि पोकळीत आल्यावर कुठे निवलं, कुठे त्याची रासायनिक परिस्थिती बदलली, की विरघळलेला माल भिंतीवर एकेक थर बसायला लागला. मध्ये मोकळी जागा, त्यामुळे टोकं अडली नाहीत आणि पैलू सुबक आले. पोकळी पूर्ण भरली असती तर नुसता पांढरा गोळा दिसला असता, तसे ठिपके तुम्ही गडांच्या कातळात शंभरदा बघितले असतील.

झिओलाइट म्हणजे ‘उकळणारा दगड’. 1756 साली क्रोन्स्टेट नावाच्या स्वीडिश माणसानं हा दगड तापवला तर तो फसफसला, कारण त्याच्या मांडणीतच पाणी अडकलेलं असतं. आपल्याकडचे नमुने जगभरच्या म्युझियममध्ये आहेत, आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हनसाइट (हे झिओलाइट नव्हे, पण त्यांच्याच सोबतीनं सापडणारं खनिज) तर बघतच राहावं असं. तुमच्या सिन्नरलाच गारगोटी म्युझियम आहे, तिथे दगड घेऊन जा आणि शेजारी ठेवून जुळवा. (मनःशांतीसाठी हेच दगड भलत्या भावाला विकणारेही भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार.)

वेळेचं गणित घरीच बघायचं असेल तर गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी विरघळवा, गाळा, तुरटीचाच एक छोटा खडा दोऱ्याला बांधून आत सोडा आणि आठवडाभर हात लावू नका. त्याच पाण्याचं दुसरं भांडं फ्रिजमध्ये ठेवा. तिथे घाईघाईत बारीक चुरा साचेल आणि बाहेरच्या भांड्यात दोऱ्याला पैलूदार खडा धरलेला असेल.

आणि हो, ते तुकडे हातोडीने ठोकून काढू नका, स्टिल्बाइटचे पापुद्रे सुटतात. दगडासकट मोठा तुकडा काढा, मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरे. ॲसिड वगैरे अजिबात नको. आणि विहिरीत उतरायचं ते काकांच्या कामगारांनी सैल दगड पाडून झाल्यावरच.