जावेची स्ट्रिप आपल्याला चालेलच असं नाही

गणपतीची चवथ झाली की गर्भनिरोधक गोळ्यांबद्दलची पत्रं हटकून वाढतात, कुणी गावच्या घरी जाताना गोळ्या विसरलेली असते, कुणाला पाळी पुढे ढकलायची असते. त्यातली तीन पत्रं घेतेय. या सगळ्या गोळ्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन अशा दोन हार्मोनच्या आहेत, म्हणजे माला-एन, माला-डी आणि फार्मसीत मिळणाऱ्या तशाच बाकीच्या.

डॉक्टर मॅडम, मी साखळीची, वय 29, तीन वर्षांची मुलगी आहे. दुसरं मूल इतक्यात नकोय. माझी जाऊ दोन वर्षं माला-एन घेतेय, तिला काहीच त्रास नाही, तिनेच मला तिच्यातली एक स्ट्रिप दिली. मला अधूनमधून अर्धशिशी होते, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर चमकतं. सासूबाई म्हणतात या गोळ्यांनी पुढे मूल राहत नाही. घेऊ का?

बाय, ती स्ट्रिप जावेला परत दे, आणि सुरू केली असशील तर आजची गोळी घेऊ नकोस.

अर्धशिशी म्हटलं की मी समोर कागद आणि पेन ठेवते आणि सांगते, काय दिसतं ते काढ. कुणी करवतीच्या दातांसारखी वाकडीतिकडी रेघ काढतं, कुणी सांगतं की वाचता वाचता अर्धा शब्द गायब होतो आणि बाजूला काहीतरी लुकलुकत राहतं, पंधरा-वीस मिनिटांनी ते जातं आणि मग डोकं धरतं. याला ऑरा म्हणतात. ज्यांना ऑरा होतो त्यांच्यात मेंदूतली रक्तवाहिनी बंद होण्याचा धोका मुळात थोडा जास्त असतो आणि इस्ट्रोजेनने तो आणखी वाढतो, मग वय 22 असो की 42, बीपी अगदी नॉर्मल असो, दोन हार्मोनची गोळी द्यायची नाही. नुसतं डोकं दुखत असेल, चमकणं-बिमकणं काही नसेल आणि वय 35 च्या आत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर बघून ठरवतात. तुझं पत्र वाचून मला ऑराच वाटतोय, पण एकदा दाखवून घे.

तुझ्या जावेला गोळी सोसते ती तिची तब्येत तशी आहे म्हणून. पायात कधी रक्ताची गुठळी झालीय का, हृदयाचा किंवा लिव्हरचा आजार, ब्रेस्ट कॅन्सर, बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पितंय, 35 च्या पुढे वय आणि सिगरेट चालू, टीबीची किंवा फिटची औषधं चालू, यातलं एक जरी असलं तरी आधी डॉक्टर आणि मग गोळी. टीबीचं रिफाम्पिसिन तर गोळीचा परिणामच उतरवतं, साधी ॲन्टिबायोटिकं मात्र तसं करत नाहीत, तिथे उगाच घाबरून गोळी बंद करू नये.

आता सासूबाईंचं. त्यांना सांग की गोळी बंद केली की अंडं पुन्हा तयार व्हायला लागतं, पुष्कळ जणींना पहिल्या काही महिन्यांतच दिवस जातात, आणि मधे मधे गोळीला सुट्टी द्यायचीही गरज नसते. अजून एक गैरसमज इथेच सांगते, सरकारी केंद्रात फुकट मिळते म्हणून माला-एन हलकी असं बऱ्याच जणींना वाटतं, ते मला मनापासून खटकतं. गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला साधारण 2 जणींना गुठळी होते, माला-एनमधलं लेव्होनॉरजेस्ट्रेल घेणाऱ्यांत 5 ते 7 आणि ड्रॉस्पिरेनॉन किंवा डेसोजेस्ट्रेलवाल्या महागड्या गोळ्यांत 9 ते 12. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहून जास्त असतो. म्हणजे ज्यांना चालते त्यांच्यासाठी माला-एन चांगलीच गोळी आहे.

तुझ्यासाठी कॉपर-टी आहे, अंतरा इंजेक्शन आहे, आठवड्याची छाया गोळी आहे जिच्यात हार्मोन नसतो. तिन्ही सरकारी केंद्रातून मिळतात, तिथल्या नर्सला अर्धशिशीचं आधी सांग.

मॅडम, मी फोंड्याला असते, वय 26. चवथीला नवऱ्याच्या गावी पेडण्याला गेलो आणि स्ट्रिप इथेच राहिली. तिसऱ्या ओळीतल्या तीन पांढऱ्या गोळ्या चुकल्या. आता काय करू, नवीन स्ट्रिप सुरू करू का? आणि पुढच्या वर्षी चवथीत पाळी येऊ नये म्हणून फार्मसीतल्या गोळ्या घेतल्या तर चालतील का?

तुला मी लगेच कळवलंच होतं, इथे बाकीच्यांसाठी लिहिते. एक गोळी चुकली तर आठवल्याबरोबर घ्यायची, बाकीच्या नेहमीसारख्या, काही बिघडत नाही. तुझ्या तीन चुकल्या, तर शेवटची चुकलेली ताबडतोब, आजची नेहमीच्या वेळेला, एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं, आधीच्या दोन तशाच सोडून द्यायच्या. सात दिवस कंडोम. आणि तिसऱ्या ओळीत चुकल्या म्हणून उरलेल्या पांढऱ्या संपल्या की त्या सात काळपट गोळ्या घ्यायच्याच नाहीत, दुसऱ्या दिवशी सरळ नवी स्ट्रिप. काळपट गोळ्यांत फक्त लोह असतं.

सगळ्यात वाईट म्हणजे पहिल्या ओळीतल्या चुकणं, कारण त्याच्या आधीचे सात दिवस हार्मोन नसतोच, त्यात आणखी दोन-तीन दिवसांची भर पडली की अंडं तयार व्हायला वाव मिळतो. तेव्हा दोन किंवा जास्त चुकल्या असतील आणि गेल्या पाच दिवसांत संबंध आला असेल तर तातडीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना लगेच विचारा, थांबू नका. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यायची, हे पण लक्षात असू दे.

पाळी ढकलायचं म्हणशील तर तुला फार्मसीतल्या त्या दिवसातून तीनदा घ्यायच्या गोळ्यांची गरजच नाही. त्यात नॉरएथिस्टेरॉन असतं, ते या डोसात शरीरात थोडंसं इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, आणि तू आधीच इस्ट्रोजेन घेतेयस, वर आणखी कशाला. पांढऱ्या संपल्या की लागलीच पुढच्या स्ट्रिपच्या पांढऱ्या सुरू करायच्या, पाळी पुढे जाते, थोडे डाग दिसू शकतात. माझ्या मते पाळीत माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळाफुलांचं छत, बांधायला हात लावला तर काही बिघडत नाही, पण घरात हे बोलणं प्रत्येकीला जमत नाही हे मला माहीत आहे, म्हणून सुरक्षित काय तेवढं सांगते.

आणि गोळी चालू आहे तोवर एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत दुखलं, दम लागला, कधी नव्हे असं जोराचं डोकं दुखलं, दिसायला किंवा बोलायला अडखळलं, पोटात फार दुखलं, तर सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन करा आणि पोचल्यावर मी गर्भनिरोधक गोळ्या घेते हे पहिलं सांगा. बायका हेच सांगायचं विसरतात, त्यांना ते औषधच वाटत नाही.

नमस्कार, मी वास्कोची, वय 37. नवरा बोटीवर असतो, आठ महिन्यांनी येतो आणि दोन-तीन महिने राहतो. तो आला की मी गोळ्या सुरू करते, गेला की बंद. फार्मसीवाला ओळखीचा आहे, काही विचारत नाही. बीपी शेवटचं धाकट्याच्या वेळी बघितलं, तो आता सहा वर्षांचा आहे. बरोबर चाललंय ना?

ताई, तुमचं पत्र वाचून मला काळजी वाटली. गुठळीचा धोका गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांतच सगळ्यात जास्त असतो, नंतर कमी होतो. चार आठवडे किंवा जास्त बंद ठेवून परत सुरू केली की तो पुन्हा वर जातो, म्हणजे दरवेळी नवरा येतो तेव्हा तुम्ही नेमक्या त्याच धोक्याच्या महिन्यांत असता. शिवाय पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तरच लगेच उपयोग, एरवी सात दिवस कंडोम लागतो, आणि तो येणार त्याच दिवशी पाळी थोडीच येते.

तुमच्यासारख्या दोन-तीन महिन्यांच्या संसाराला कॉपर-टी मला जास्त योग्य वाटते, 380ए ही दहा वर्षं चालते, तो असो नसो लक्षात ठेवायचं काही नाही, नको झाली की काढता येते. गोळीच हवी असेल तर आधी बीपी बघायचं. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 च्या पुढे असेल तर ही गोळी सुरू करायची नाही, आणि 160 किंवा 100 च्या पुढे असेल तर बिलकुलच नाही. बीपी वाढलेलं बऱ्याचदा काहीच जाणवत नाही म्हणून मशीन लावल्याशिवाय कळत नाही. जवळच्या आरोग्य केंद्रात या आठवड्यातच जा, पाच मिनिटं शांत बसून मग हाताला पट्टा लावून घ्या, आकडा कागदावर लिहून मागा, आणि नवऱ्याची बोट लागायच्या आधी मला तो आकडा कळवा.