‘आई, गाण्यात असतं ते’

प्रश्न : माद्रिदला येऊन चार वर्षं झाली. मुलगा चौदाचा. दिवसभर कानात रेगेटॉन, म्हणजे ती लॅटिन नाचगाणी. परवा फोनवर वर्गातल्या एका मुलीला ‘थोर्रा’ म्हणाला. हटकलं तर म्हणे, ‘आई, गाण्यात असतं ते.’ माझं स्पॅनिश कामापुरतं. काय बोलू?

उत्तर : ताई, तुमचं कच्चं स्पॅनिशच इथे कामाला येईल. अर्थ त्यालाच विचारा, अगदी साळसूदपणे. ‘थोर्रो’ म्हणजे कोल्हा. माणसाला म्हटलं तर धूर्त, बेरकी. त्याच शब्दाचं स्त्रीलिंग केलं की बाईच्या चारित्र्यावरची शिवी होते. हे आईला मराठीत समजावून सांगताना त्याची जीभ अडखळेल. अडखळू द्या.

तो हुशार असेल तर म्हणेल, २०२४ च्या युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेला स्पेनने पाठवलेल्या गाण्याचं नावच हे होतं! खरं आहे. पण तिथे गायिका ती शिवी स्वतःवर ओढून घेऊन मिरवते. तुमचा मुलगा ती दुसरीवर फेकतो आहे.

गाणी बंद करू नका, तो मित्राच्या फोनवर ऐकेल. त्यापेक्षा त्याच वर्षीचं कोलंबियाचं उदाहरण द्या. तिथल्या बड्या गायकांनी मिळून केलेल्या गाण्यात एक मुलगी ‘चौदाव्या वर्षापासून मामासिता’, म्हणजे मादक बाई, होती. ओरड झाली, तेव्हा चौदाचे अठरा केले. त्याच्या वर्गातल्या मुली किती वर्षांच्या आहेत, एवढंच विचारा.

बातम्याही सोबत वाचा. बायकोचा खून झाला की स्पॅनिश वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं ‘क्रिमेन पासिओनाल’ लिहीत, म्हणजे प्रेमाच्या भरातला गुन्हा. आना ओरांतेस या बाईंनी डिसेंबर १९९७ मध्ये टीव्हीवर चाळीस वर्षांची मारहाण सांगितली. तेरा दिवसांनी घटस्फोटित नवऱ्याने त्यांना जाळून मारलं. त्यात प्रेम कुठे होतं? देश हादरला, आणि २००४ मध्ये लिंगाधारित हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. (०१६ ही मदतवाहिनी लक्षात असू द्या. फोनच्या बिलात तिची नोंद येत नाही. मोबाइलमधला कॉल मात्र पुसावा लागतो.)

आपणही नाक वर करायला नको. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ हा मथळा वाचतच आपण मोठे झालो. मारणारा तो, आणि मथळ्यात चर्चा तिच्या चारित्र्याची.

जाता जाता एक आगाऊ प्रश्न. फुटबॉल बघताना पेनल्टी हुकली की तुमच्या घरात ‘हातात बांगड्या भरल्यात का?’ असं कोण ओरडतं? त्याचं स्पॅनिश भाषांतर मुलाला करायला सांगा. बाबांसमोर.