वाळू तर तुम्हीच आणून दिलीत!

चिंचवडहून एका वडिलांचं पत्र आलंय. भोसरीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, ते २२ वर्षं आहेत, आता सुपरवायझर. मुलगी बारावी सायन्सला. ते लिहितात, ‘हिला टाकाऊ मालाचं सिरॅमिक करायचंय. खडी क्रशरची भुकटी, बेकरीची राख आणि आमच्याच कारखान्यातली वाळू. वाळू मीच आणून दिली, वाटलं प्रोजेक्ट असेल. आता म्हणते, हेच करणार. शेवटी माती मळायची होती तर सायन्स कशाला घेतलं?’ सोबत तिने भाजलेल्या दोन चकत्यांचा आणि तिच्या वहीच्या एका पानाचा फोटो आहे.

सप्रेम नमस्कार.

आधी चकत्यांबद्दल बोलू. पहिलीवरचं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, काळपट तपकिरी आहे आणि कडेला, जिथे थर पातळ झालाय, तिथे गंजासारखं तांबूस. वाघोलीकडची भुकटी म्हणजे बेसॉल्ट. त्यात लोह भरपूर असतं आणि १२०० अंशांच्या आसपास तो वितळतो; रंग वेगळा विकत आणावा लागत नाही. दुसरी चकती तुमच्या वाळूची. ती फुगलीय, मोडली तिथे आत काळीकुट्ट. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूत, बेंटोनाइट ही चिकणमाती आणि कोळशाची पूड असते हे तुम्हाला मी काय सांगणार! भट्टी घाईने चढवली, कोळसा पुरता जळायच्या आत बाहेरचा थर मिटला आणि वायू आत कोंडला. वहीत त्यापुढे लिहिलंय, ‘फेल. ६०० ते ९०० सावकाश न्यायचं.’ मला पहिलीपेक्षा ही चकती जास्त आवडली. सुंदर मग करून फोटो टाकणारी मुलं पुष्कळ भेटतात. फसलेल्या चकतीचं कारण शोधून पुन्हा भट्टी लावणारी क्वचित.

आता सायन्स कशाला, हा प्रश्न. तुमच्या इंडक्शन फर्नेसचं अस्तर कशाचं आहे? सिलिकाच्या रॅमिंग मासचं, म्हणजे ठोकून बसवलेल्या भुकटीचं ना? मग इतकी वर्षं तुमचं वितळलेलं लोखंड सिरॅमिकनेच धरून ठेवलंय. रिफ्रॅक्टरी (भट्टीची उष्णता सोसणारं अस्तर आणि विटा), टाइल, इन्सुलेटर, हे सगळं याच घरातलं.

तिला एकच ठरवायचंय: आवड पदार्थाची की आकाराची? पदार्थाची असेल तर वाराणसीच्या आयआयटीत सिरॅमिक इंजिनिअरिंग आहे, त्याला जेईई अॅडव्हान्स्ड लागते. कोलकात्याला या विषयाचं सरकारी कॉलेज आहे. घर सोडायचं नसेल तर आपल्या पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजात मेटलर्जी अँड मटेरियल्स. आकाराची असेल तर अहमदाबादची एनआयडी ही डिझाइनची संस्था, तिथे सिरॅमिक आणि काच डिझाइन शिकवतात; किंवा मुंबईचं जेजे कला महाविद्यालय. वहीचं ते पान पाहून माझं मत पदार्थाकडे झुकतं. चाकावर हात नंतरही बसवता येतो, केमिस्ट्री मागून शिकणं जड जातं. निव्वळ स्टुडिओवर घर चालवणं मात्र कठीण आहे. जागेचं भाडं, भट्टीचं वीजबिल, फुटलेला माल हे सगळं वजा केलं की हातात थोडंच उरतं. बरेच जण शनिवार-रविवारच्या वर्गांवर तगतात.

एक गोष्ट तिलाही सांगा, थोडी कडू आहे. टाकाऊ माल घातला की वस्तू आपोआप पर्यावरणपूरक होत नाही. मोठा भार भट्टीच्या इंधनाचा असतो. तेच काम १२४० ऐवजी ११०० अंशांना जमलं, किंवा दोनऐवजी एकाच भाजणीत झालं, तर खरी बचत. आणि ‘स्थानिक’ म्हणून शेतातली काळी माती नुसती वापरू नये, ती वाळताना इतकी आकसते की ताटली तडकतेच. त्यात भाजलेल्या तुकड्यांची भुकटी मिसळून पाहावी. (आपल्या पेणच्या गणपतींची शाडूसुद्धा गुजरातेतून येते, तेव्हा ‘स्थानिक’ शब्द जपूनच वापरलेला बरा.) प्रत्येक मिश्रणाच्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ मारावी आणि भाजल्यावर पुन्हा मोजावी, म्हणजे किती आकसलं ते कळतं. राख किंवा स्लॅग (धातू वितळताना निघणारी मळी) घातलेल्या भांड्यात कुणाला जेवायला वाढू नये. आधी प्रयोगशाळेत ४ टक्के अॅसेटिक आम्लात २४ तास ठेवून शिसं, कॅडमियम उतरतं का ते तपासून घ्यावं. कोरडी भुकटी चाळताना मास्क हवाच. सिलिकाची धूळ छातीत जाऊन काय करते ते तुम्ही जवळून पाहिलं असेल.

अशा वेगवेगळ्या मिश्रणांच्या चाळीस चकत्या होईपर्यंत कॉलेजचा वाद घालू नका. बारावीची परीक्षा संपली की महिन्या-दीड महिन्यात होतील, आणि तोवर प्रवेश परीक्षांचा अभ्यास चालू ठेवावा.

आणि एक काम तुमच्याकडे. कारखान्यात ग्रीन सँडबरोबर रेझिनची, म्हणजे राळेने बांधलेल्या वाळूची, लाइनही असेल तर दोन्ही वाळू एकत्र देऊ नका. रेझिन जळताना निघणारा धूर घातक असतो, ती भट्टी बंद खोलीत लावायची नाही. पुढची पिशवी नेताना वर लाइनचं नाव आणि तारीख लिहून द्या. तिच्या वहीत ‘वाळू कोणती?’ असा रकाना आहे, आणि तो तेवढा रिकामा आहे.