शाळा सुटल्यावरच्या उपक्रमांतून माणसे का गळतात?

आपल्या शाळेत शाळा सुटल्यानंतरच्या उपक्रमांत मुलांना शिकवायला पहिल्या महिन्यात परिसरातील पंधरा-वीस माणसे आली आणि तिसऱ्या महिन्यात तीनच उरली, असे आपण पत्रात लिहून त्याचे कारण विचारले आहे. ते कारण उपक्रमांच्या यादीत सापडेल असे मला वाटत नाही. शाळेने त्या माणसांकडे नेमके कोणते काम सोपवले होते, ते आधी पाहावे. बहुतेक ठिकाणी त्यांना पाहुणे म्हणून बोलावले जाते, आणि पाहुणा काही दर आठवड्याला येत नसतो.

आमच्या शाळेतही पहिल्या वर्षी हेच घडले. एक सुतारकाका लाकूडकाम शिकवायला ठरल्या वेळी आले, मुलेही थांबली होती. परंतु अवजारांच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते लिपिक नुकतेच घरी गेलेले. काकांनी पायरीवर बसून मुलांना मोजपट्टी कशी धरायची एवढेच दाखवले. असे तीनदा झाल्यावर त्यांनी येणे सोडले आणि आमच्या बैठकीत मात्र ‘लोकांना उत्साहच नाही’ अशी नोंद झाली! दुसऱ्या वर्षी कपाटाची किल्ली, हजेरीची वही आणि किरकोळ खर्चाचा अधिकार आम्ही काकांच्याच हाती दिला. त्या वर्षी त्यांचा एकही वार चुकला नाही. शाळेची डुगडुगणारी बाकेदेखील मुलांनी त्यांच्या हाताखाली दुरुस्त केली.

शाळेची इमारत सर्वांची असावी, हा विचार जुनाच आहे. इंग्लंडमधील केंब्रिजशायरचे शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस यांनी तो १९२४ मध्ये मांडला आणि १९३० मध्ये सॉस्टन येथे अशी पहिली संस्था उभी राहिली, जिथे दिवसा मुले शिकत आणि संध्याकाळी त्याच छताखाली मोठ्यांचे वर्ग भरत. अमेरिकेतील फ्लिंट शहरात १९३५ पासून शाळा सुटल्यावर मुलांच्या खेळांसाठी शाळांचे दरवाजे उघडे ठेवण्यात आले आणि पुढे मोठी माणसेही त्यांतून आत आली.

मात्र किल्ली दिली म्हणजे जबाबदारी संपली, असे समजू नये. रोजची घडी सांभाळणारा एक समन्वयक हवाच, आणि तो शक्यतो मानधनावर नेमावा. दिवसभर शिकवून थकलेल्या वर्गशिक्षकांवर हे काम लादल्यास दोन्हीकडची कामे बिघडतात. शिकवायला येणाऱ्या प्रत्येकाची पूर्वचौकशी, खोलीत किमान दोन प्रौढ आणि मूल कोणासोबत घरी गेले याची सहीसह नोंद, या तीन बाबतींत ओळखीच्या माणसासाठीही सवलत नको. शाळा सुटल्यावरच्या या वेळेची शिकवणीही होऊ देऊ नये. दिवसभर बाकावर बसलेल्या मुलाला पुन्हा बाकावरच बसवायचे असेल, तर त्याला सरळ घरी जाऊ द्यावे.

आता जे गळाले, त्यांच्या घरी स्वतः जाऊन कारण विचारावे आणि पुढची बैठक दुपारी न घेता कामावरून सुटलेल्यांना पोहोचता येईल अशा वेळी ठेवावी. आमच्या पहिल्या तीनही बैठका दुपारी दोनला होत्या.