न्यायालयाने नेमलेला 'रेफरी': पंच, लवाद की कमिशनर?

प्रश्न असा आला आहे: न्यूयॉर्कमधल्या एका दाव्याची बातमी मराठीत देताना 'न्यायालयाने प्रकरण ऐकण्यासाठी रेफरी नेमला' या वाक्यातल्या रेफरीला 'लवाद' म्हणावे का?

माझ्या मते म्हणू नये. लवादाच्या मुळाशी पक्षकारांची संमती असते. भांडणारे दोघे मिळून त्याला निवडतात, किंवा कसा निवडायचा ते करारात आधीच लिहून ठेवतात, आणि त्याचा निवाडा दोघांना बांधतो. कधी न्यायालय लवाद नेमते, पण तेव्हाही आधार त्या कराराचाच असतो. आपल्याकडे ही कल्पना जुनी आहे. मराठेशाहीत पंचायत निवाड्याला बसायची तर वादी-प्रतिवादींकडून 'राजीनामा' लिहून घेत, म्हणजे होईल तो निर्णय मानायला राजी असल्याचा कागद. आज नोकरी सोडताना देतो तो राजीनामा हाच शब्द, अर्थ मात्र पार बदललेला.

रेफरीचे तसे नाही. न्यायाधीश स्वतःच्या कामातला एक भाग त्याच्याकडे सोपवतो. आपल्या व्यवस्थेत याला सर्वांत जवळचा माणूस म्हणजे कोर्ट कमिशनर. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतले कलम 75 आणि आदेश 26 त्याच्यासाठीच आहेत: साक्ष नोंदवणे, जागेवर जाऊन पाहणी करणे, हिशेब तपासणे, मिळकतीचे वाटप करणे. त्याचा अहवाल दाव्यात पुरावा म्हणून येतो, त्याच्यावर हरकती घेता येतात, खुद्द कमिशनरला न्यायालयात बोलावून प्रश्न विचारता येतात. निकाल न्यायाधीशाचाच. नुसते 'आयुक्त' लिहिले तर वाचकाला महापालिका नाहीतर पोलीस आठवतात, म्हणून वकिलांच्या तोंडचा 'कोर्ट कमिशनर' मला जास्त पटतो.

'पंच' तर टाळाच. एक पंच क्रिकेटच्या मैदानात असतो, दुसरा पंचनाम्यावर सही करतो, आणि हा दुसरा केवळ साक्षीदार असतो.

न्यूयॉर्कच्या कायद्यात मात्र रेफरी दोन प्रकारचे आहेत. एक ऐकून अहवाल देतो, दुसरा ऐकून निर्णयही देतो, आणि या दुसऱ्यासाठी सहसा पक्षकारांची संमती लागते. बातमीत कोणता आहे हे पाहिल्याशिवाय शब्द ठरवू नका.

'समिती' या शब्दातही हा फरक दडून राहतो. आयपीएलमधल्या बेटिंग आणि स्पॉट-फिक्सिंगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये नेमलेली मुद्गल समिती चौकशी करून अहवाल देणारी होती. 2015 मध्ये नेमलेल्या लोढा समितीकडे शिक्षा ठरवण्याचे कामही होते, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये तिने चेन्नई व राजस्थान या संघांना दोन वर्षांसाठी निलंबित केले. बातम्यांत दोन्ही नुसत्या 'समित्या', म्हणून सोबतचे क्रियापद नेमके हवे: पहिलीने 'अहवाल दिला', दुसरीने 'शिक्षा ठरवली'.

'हरित लवाद', 'पाणी तंटा लवाद' वाचून गोंधळ होणे साहजिक आहे. ती कायद्याने स्थापलेली न्यायाधिकरणे आहेत. तिथे लवाद हा शब्द वृत्तपत्रांनी रुळवला, आणि आता तो मोडून काढण्यात अर्थ नाही.

तुमच्या बातमीतला रेफरी अहवाल देणारा असेल, तर 'न्यायालयाने पुरावा ऐकून अहवाल देण्यासाठी कमिशनर नेमला' असे लिहा. निर्णय देणारा असेल, तर 'रेफरी' शब्द तसाच ठेवून 'पक्षकारांच्या संमतीने निर्णयाचे अधिकार दिलेला' एवढे त्याच्यामागे जोडा.