एडिटरची की सगळ्यांना दिसते, लपवू कशी?

प्रश्न: मी दारव्हा तालुक्यातला. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची साइट मीच बनवली, कापूस-सोयाबीनचे भाव टाकायला टायनीएमसीई एडिटर (साइटवरच मजकूर लिहायची खिडकी) बसवला. त्याला कंपनीची एपीआय की, म्हणजे ओळखीचा कोड, द्यावा लागतो. परवा पुण्याहून भाचा आला, त्यानं पेजचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, उघडला तर ती की सरळ समोर! साइटचा कोड गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) पण पब्लिक आहे. आता काय करू?

उत्तर: भाऊ, घाबरू नका. एडिटर ब्राउझरमध्येच चालतो, त्यामुळे त्याची की तिथं दिसणारच. एनव्ही फाइलमध्ये (.env, की-पासवर्ड वेगळे ठेवायची फाइल) टाकली की लपते असं लय जण सांगतात पण फ्रंटएंड, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा भाग, बिल्ड झाला की ती जशीच्या तशी जावास्क्रिप्टमध्ये उतरते. सातबाऱ्यावरचा गट नंबर गावाला माहीत असतो, म्हणून वावर काही दुसऱ्याचं होत नाही, तसंच हे. टायनीच्या अकाउंटात अप्रूव्ड डोमेनमध्ये (की कोणत्या साइटवर चालेल त्याची यादी) फक्त तुमच्या साइटचं नाव ठेवा, कुलूप ते आहे.

की नकोच असेल तर एडिटर डाउनलोड करून आपल्याच सर्वरवर ठेवा. 2024 मध्ये सातव्या व्हर्जनपासून तो एमआयटी हे मोकळं लायसन्स सोडून जीपीएल या जास्त अटींच्या खुल्या लायसन्सवर गेला, कीच्या जागी फक्त जीपीएल (gpl) लिहायचं. हे विसरू नका, काहून की आठव्या व्हर्जनपासून ते नसलं तर एडिटर लिहूच देत नाही. पैसेवाले प्लगइन मिळणार नाहीत आणि जीपीएलच्या अटी पाळा लागतील, पण तुमचा कोड तसाही खुलाच आहे.

खरी काळजी सर्वरच्या सिक्रेटची. टोकनवर (लॉगिनच्या डिजिटल पासवर) सही करायची प्रायव्हेट की, एआय सेवेची की, डेटाबेसचा पासवर्ड, यातलं काहीच ब्राउझरपर्यंत जायला नको. एआय वापरायचं तर ब्राउझरनं तुमच्या सर्वरला विचारायचं अन् सर्वरनं पुढं, नाहीतर कोणीही तुमच्या कीवर काम करून घेईल आणि बिल कंपनीच्या नावावर येईल. असं काही गिटहबवर गेलं असेल तर नुसती ओळ खोडून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधीच्या बदलांच्या नोंदीत, ती राहतेच. आधी जुनी की बंद करून नवी घ्या, मग एनव्ही फाइल गिटमधून काढून गिटइग्नोरमध्ये (गिटहबवर न पाठवायच्या फायलींची यादी) टाका.

आणखी एक, मी एका संस्थेच्या साइटवर पत्त्यापुढे स्लॅश, टिंब अन् एनव्ही (/.env) टाइप केलं तर पासवर्डासकट अख्खी फाइल उघडली! आज घरी गेल्यावर तुमच्या साइटवर हे करून बघाच, उघडली तर फाइल पब्लिक फोल्डरच्या बाहेर काढा आणि त्यातले सगळे पासवर्ड बदला.