पहिला घरगुती सायकल-दिवा: एलईडी का उडतात आणि पुढे काय करायचं

९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला तीन पांढरे एलईडी थेट जोडले, एक तिथल्या तिथे गेला, उरलेले दोन निळसर होऊन मिणमिणतायत, आणि रात्री कामावरून परततानाच्या अंधाऱ्या रस्त्यासाठी दिवा तर हवाच आहे. तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण माझाही पहिला एलईडी असाच गेला. फरक इतकाच की मी १ वॉटचा महागातला उडवला.

बल्बची सवय मोडावी लागते. बल्बवर ६ व्होल्ट लिहिलेलं असतं, आपण ६ व्होल्ट देतो, विषय संपला. एलईडीचं तसं नाही. पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्टला उजळतो आणि त्यापुढे व्होल्टेज किंचित वाढलं तरी करंट भसाभस वाढतो. त्यात तो तापला की त्याला लागणारं व्होल्टेज कमी होतं, म्हणजे आणखी करंट, आणखी ताप. म्हणून व्होल्टेज जुळवत बसू नका, करंटला बांध घाला. सगळ्यात स्वस्त बांध म्हणजे रेझिस्टर.

चौकोनी बॅटरी मात्र आता बाजूला ठेवा. तिची क्षमता जेमतेम ५०० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास असते. रेडिओला ठीक, दिव्याला नाही. १८६५० ही लिथियम सेल घ्या (१८ मिमी जाडी, ६५ मिमी लांबी, नावातच माप आहे). पूर्ण भरली की ४.२ व्होल्ट, वापरताना ३.७ च्या आसपास. सोबत १ वॉटचा पांढरा एलईडी, तोही ॲल्युमिनियमच्या चकतीवर आधीच बसवलेला. सुटा घेऊन स्वतः बसवायच्या फंदात पहिल्या वेळी पडू नका.

आता हिशेब. १ वॉटच्या एलईडीला ३५० मिलीअँपिअर चालतात आणि तेव्हा त्याच्यावर सुमारे ३.२ व्होल्ट पडतात. सेल भरलेली असताना उरला १ व्होल्ट. १ भागिले ०.३५ म्हणजे जवळपास २.९ ओहम. दुकानात ३.३ ओहमचा मिळेल, तोच घ्या. करंट ३०० च्या आसपास राहील आणि एलईडी निवांत चालेल. रेझिस्टर १ वॉटचा मागा, पाव वॉटचा फार तापतो. सेल उतरत जाईल तसा उजेड मंदावत जातो. हा या पद्धतीचा दोष आहे, पण मला तो आवडतो. चार्जिंग संपत आल्याचं आपोआप कळतं. चांगली सेल असेल तर सात-आठ तास सहज निघतात. पुढे ३ वॉटचा करावासा वाटला तर ७१३५ नावाच्या करंट-नियंत्रक चिपचा छोटा ड्रायव्हर मिळतो. एक चिप ३५० मिलीअँपिअर देते, दोन चिपांचा ७००.

माझा १ वॉटवाला गेला तो मात्र उष्णतेने. रेझिस्टर बरोबर होता, पण एलईडी पीव्हीसीच्या टोपणाला डिंकाने चिकटवला होता. बल्ब आपली उष्णता उजेडाबरोबर पुढे फेकतो, एलईडीची उष्णता मात्र मागे साचते. मागे प्लास्टिक असेल तर ती जाणार कुठे? स्लायडिंग खिडक्या बसवणाऱ्याकडे ॲल्युमिनियम सेक्शनचे तुकडे पडलेले असतात, चहाच्या पैशात मिळतात. त्यावर थर्मल पेस्टचा (उष्णता पलीकडे पोचवणाऱ्या मलमाचा) पातळ थर देऊन चकती दोन स्क्रूंनी आवळा. दहा मिनिटं चालवून बोट लावा. पाच सेकंद टेकवता आलं तर ठीक, बोट झटकन मागे आलं तर मोठा तुकडा घ्या.

सेलबद्दल जरा दटावूनच सांगतो. वेष्टनावर ९९०० मिलीअँपिअर-तास वगैरे छापलेली सेल म्हणजे शुद्ध थाप. या आकाराच्या चांगल्या सेलमध्येही साधारण ३५०० पर्यंतच मावतात. वजन करून पाहा, खरी ४५ ग्रॅमच्या आसपास भरते. सेलला थेट सोल्डर लावू नका, होल्डर घ्या. चार्जिंगसाठी टीपी४०५६ या चार्जिंग-चिपचं तयार मॉड्यूल घ्या, पण ज्यावर बॅटरीचे दोन आणि आउटपुटचे दोन असे वेगळे टोक असतात तेच. त्यात शॉर्ट झाल्यावर आणि सेल फार उतरल्यावर तोडणारं संरक्षण असतं. अधिक-उणे उलटं जोडलंत तर मॉड्यूल क्षणात जातं, म्हणून सेल घालण्यापूर्वी मल्टीमीटर लावाच. आणि चार्जिंगला लावून झोपू नका.

मागच्या दिव्यासाठी ५ मिमीचे चार लाल एलईडी पुरतात. लाल २ व्होल्टला लागतो, तेव्हा त्याच सेलवर प्रत्येकाला १२० ओहमचा स्वतंत्र रेझिस्टर द्या. चौघांत एक लावून पैसे वाचवू नका. चारही एलईडी तंतोतंत सारखे नसतात, जो जरा आधी पेटतो तोच जास्त करंट ओढतो. लुकलुकणारा करायचा मोह होईल, पण निदान दोन तरी स्थिर ठेवा. मागून येणाऱ्याला नुसत्या लुकलुकीवरून अंतराचा अंदाज येत नाही, असं माझं मत आहे.

पुढच्या दिव्यात नवखे लोक उजेडामागे धावतात, झोताकडे कुणी बघत नाही. झोत १० अंशांत आवळणारी भिंग लावलीत तर लांबवर एक गोळा दिसतो आणि चाकापुढचा खड्डा दिसत नाही. आडवा पसरणारा झोत देणारी लांबट भिंग मिळाली तर उत्तम, नाहीतर ३० अंशाच्या आसपासची घ्या. दिवा हँडलवर १ मीटर उंचीला असेल तर सायकल भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा आणि झोताचा मध्य भिंतीवर अर्ध्या मीटरला येईल इतकं तोंड खाली करा. रस्त्यावर तो १० मीटरवर पडेल, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार नाही.

बाकी किरकोळ: वायर अनेक तारांची मऊ घ्या, कारण एकतारी वायर खड्ड्यांनी सोल्डरच्या मुळाशी तुटते. पावसासाठी सिलिकॉन वापराल तर व्हिनेगरसारखा वास येणारं आतल्या जोडांना लावू नका, ते तांबं खातं.

घरात जुना ६ व्होल्ट, ३ वॉटचा डायनॅमो पडला असेल तर फेकू नका. सायकल कितीही पळवली तरी तो अर्ध्या अँपिअरच्या फार पुढे जात नाही, म्हणजे बांध त्याच्यातच आहे. डायनॅमोचा उलटसुलट (एसी) करंट एका दिशेचा करायला चार शॉटकी डायोडांचा ब्रिज आणि ३ वॉटचे दोन पांढरे एलईडी एकापाठोपाठ, रेझिस्टरची गरजच नाही. फक्त उजेडाची थरथर कमी करायला ब्रिजनंतर कपॅसिटर लावलात तर एलईडीची वायर निघालेली असताना चाक फिरवू नका. भार नसला की डायनॅमोचं व्होल्टेज भलतंच चढतं आणि कपॅसिटर फुटतो.